सहाव्या गाण्यातला गांधार

मास्तर, आमच्या अल्बमचं सहावं गाणं साडेतीन महिने अडून बसलंय, आणि ते तुमच्या पेटीपाशी अडलंय. पहिली पाच गाणी झाली. ती मी एकेक आवाज धुऊन-पुसून, तोलून ठेवलीत. त्यांत कुणी बोट ठेवून दाखवावं. सहावं एकवीस मिनिटांचं आहे. त्यातली सतरा मिनिटं तयार आहेत आणि मधली चार रिकामी. रोज सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी मी वरच्या खोलीत जातो, गाणं लावतो, अकराव्या मिनिटाला ड्रम आणि बेस घरघरत थांबतात आणि पुढं चार मिनिटं काहीच नाही. तिथं तुमची पेटी वाजायची आहे. वाजवणारी बाई येत नाही, आणि ती का येत नाही हे पूर्ण फक्त मला ठाऊक आहे, असं मी परवा-परवापर्यंत समजत होतो. ती चार मिनिटांची शांतता ऐकून खाली येतो आणि पहिल्या गिऱ्हाइकावर खेकसतो. गिऱ्हाइकं म्हणतात, पंपाच्या मोटारी जळाल्या आमच्या, धूर याच्या डोक्यातून निघतोय.

तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, कारण मी कसलं संगीत करतो हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुमच्याकडं परंड्याला, पेट्या जुळवायच्या दुकानात, यायचो तेव्हा मी नुसता पेटीच्या नादानं येतो असं तुम्हाला वाटायचं. माझ्या घरी तेव्हा गिटार होती, आणि सोलापूरच्या एका दोस्ताकडून आणलेल्या कॅसेटी होत्या. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड. एकेक गाणं पंधरा-वीस मिनिटांचं, सात मात्रांत चालता चालता अकरात शिरतं, मधेच सगळं थांबून एकटी बासरी नाहीतर एकटा ऑर्गन, मग परत गडगडाट. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, ‘हे गाणं हाय का कुर्डुवाडीची येष्टी? दर फाट्यावर थांबतंय.’ पण मला त्याचंच वेड लागलं. ते वाजवायला मला कुणी शिकवलं नाही. मोटार रिवाइंडिंग मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, जळालेल्या मोटारी उसवून, वेढे मोजून शिकलो. गिटार तशीच. रेकॉर्डिंगही तसंच. येरमाळ्यात हायवेला दुकानाच्या वर जी खोली आहे तिच्या भिंतींना मी जुन्या गोधड्या आणि कापसाच्या गाद्या लावल्या, दरवाजाला रबर मारलं, तारा स्वतः ओढल्या. अंड्यांचे ट्रे लावणारे लावतात, त्यानं काही होत नाही, मी मोजून पाहिलंय. तरी ट्रक चढाला लागला की बेसच्या माइकमध्ये घरघर येते, म्हणून ट्रकच्या मधल्या फटीत रेकॉर्डिंग करायचं. चैत्रात देवीच्या यात्रेत आठ-दहा दिवस बंदच. चारी बाजूंनी कर्णे. हे सगळं मी सांभाळून नेलं. मला स्वतःचं कौतुक सांगायचं नाही, पण कुणी दुसरं सांगत नाही म्हणून सांगतो.

आम्ही चौघं आहोत. ड्रमला शाळेतले गुरुजी. चौथीच्या पोरांना पाढे शिकवतात आणि शनिवारची शाळा सुटली की माझ्याकडं येऊन साडेसात मात्रांचा हिशोब घालतात. बेसला मेडिकलवाला, तोंडानं कमी आणि कुचकट बोलणारा. कीबोर्डला कळंबच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या मॅडम. त्या आमच्यात सगळ्यांत उशिरा आल्या आणि सगळ्यांत जास्त संगीत त्यांनाच येतं. हेही आधी कबूल करून टाकतो. घरी त्यांच्या वडलांचं भजन होतं, पेटीवर लहानपणापासून हात. सहावं गाणं बोअरवेलचं आहे. माती, मग मुरूम, मग काळा खडक, असं गाणं खाली खाली जातं. गुरुजींचा ड्रम म्हणजे बोअरचं मशीन. चारशे फुटांवर मशीन थांबतं, वर उभे असलेले सगळे गप्प होतात, आणि खाली नळीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. पाणी, नाहीतर धूळ. ही जागा मॅडमनी मागून घेतली. ‘इथं मला पेटी द्या, दादा. कीबोर्ड नको. पेटीला श्वास असतो.’ त्या चार मिनिटांत काय वाजवायचं ते त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही. दर वेळी थोडं वेगळं वाजायचं आणि दर वेळी बरोबर असायचं. मला असं काही चालत नाही, पण त्या जागी मी गप्प बसत होतो.

पेटी म्हणजे तुमचीच. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी परंड्यात एका पंपाचं काम होतं, तेव्हा वाट वाकडी करून तुमच्या घरी गेलो. तोवर तुमच्यामागं काकूही गेल्या होत्या. सुनेनं ओळखलं. म्हणाली, ‘तुम्ही यायचा न्हवं मीटर घेऊन? ही एकच पेटी राहिलीय. कपाटाला वाळवी लागलीय, घेऊन जावा, कुणी वाजवत न्हाय.’ एकेरी पेटी, एका पट्टीला एकच रीड, भात्याचा एक कोपरा ठिगळाचा. तुम्ही दुसऱ्यांच्या पेट्या जुळवून झाल्या की शेवटी स्वतः वाजवत बसायचा ती. मी स्टुडिओत आणली, भाता झटकला, आणि पंधरा वर्षं तिला हात लावला नाही. मॅडम आल्यावरच ती पहिल्यांदा नीट बोलली.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. दुकान पुढच्या बाजूला होतं, पण जुळवायचं काम तुम्ही आत खिडकीखाली करायचा, कारण तिथं वारा नसायचा आणि रस्त्याचा आवाज येत नसे. चुलीपासून चार हातांवर तुमची पाटी, तिच्यावर उलटी मांडलेली रिडं, कानस, पातं, मेणाचा गोळा. काकू भाकरी थापायला बसलेल्या आणि तुमचा हात वर. हात वर असला की भाकरीही थापायची नाही. काकू पीठ हातात धरून बसलेल्या, तव्यातून धूर. ‘लागला का न्हाय तुमचा गांधार? भाजी करपाया लागलीय!’ आणि तुम्ही डोळे मिटून, एका बोटानं सा धरून, दुसऱ्यानं ग दाबून : ‘थांब. लाट हाय अजून.’ दोन स्वर नीट जुळले नाहीत की आवाज हेलकावे खातो, ती लाट. मग पात्यानं एक हलका घाव. परत सा, परत ग. ‘आता दे फोडणी.’ मी बावीस-तेवीस वर्षांचा, स्वतःचं दुकान नुकतं टाकलेला, दाराला टेकून बघत असायचो. तुम्ही मला बसायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. शिकवा म्हटलं की म्हणायचा, ‘बघ की. डोळे हायत न्हवं?’ टोकाला खरवडलं की स्वर चढतो, बुडाला खरवडलं की उतरतो, एवढं मी बघून शिकलो. किती खरवडायचं ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. मोटारी तपासायचं विजेचं मीटर कायम माझ्या खिशात, म्हणून तुम्ही मला ‘इंजिनेर’ म्हणायचा. ‘काय इंजिनेर, आज मीटर आणलंय का इसरलास?’ दर वेळी तेच, आणि दर वेळी काकू हसायच्या.

मग तो दिवस. सोलापूरहून मी स्वर मोजायचं यंत्र आणलं होतं, हातात मावणारं, सुईचं. स्वर बरोबर असला की सुई मधोमध. मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल. तामलवाडीच्या भजनी मंडळाचे म्होरके पेटी न्यायला आले होते, दोघं-तिघं, चहा घेत बसलेले. तुम्ही त्यांची पेटी वाजवून दाखवली, आणि मी यंत्र पाटीवर ठेवलं. सा मधोमध. पंचम मधोमध. गांधार दाबला आणि सुई डावीकडं चौदा घरं पडली. मी म्हणालो, ‘मास्तर, गांधार उतरलाय तुमचा.’ सगळ्यांसमोर म्हणालो. तुम्ही यंत्राकडं बघितलंसुद्धा नाही. पेटीचं झाकण लावलं आणि म्हणालात, ‘आसं? मग एकादशीला तुज्या मशिनीला घेऊन ये. आमी बसू खाली, ती म्हणंल भजन.’ तामलवाडीकरांच्या तोंडातून चहा उडाला. काकूंनी पदर तोंडाला लावला. एक जण तर जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला, ‘मशीनबुवा, येतो बरं का!’ मी त्यानंतर आलो नाही. तुम्ही आजारी होता तेव्हा नाही, गेला तेव्हाही नाही. कामं होती असं मी सांगायचो. कामं कायमच असतात.

पुढं पुस्तकात वाचलं, की तुमचा गांधार मुद्दाम तिथं असतो. फ्रेटवाल्या गिटारीचा आणि कीबोर्डचा गांधार समान वाटणीचा, सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून आलेला, म्हणून थोडा चढा. सा धरून कानानं लावलेला गांधार खाली बसतो आणि तिथंच तो साशी शांत राहतो, लाट थांबते. म्हणजे यंत्र बरोबर होतं आणि तुम्हीही बरोबर होता. हे मला दहा-बारा वर्षांपूर्वीच कळलं होतं, मास्तर. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढं जे केलं ते न कळून केलेलं नाही.

फाल्गुनात सहावं गाणं घ्यायला सुरुवात केली. पेटीचा सा काळी एकला, गांधार पांढऱ्या चारवर. त्या चार मिनिटांच्या शेवटी मी गिटारीवर एक लांब स्वर धरतो, तोच गांधार, आणि पेटीही तोच धरते. तिथून गाणं परत वर उचलायचं. हे माझं आवडतं ठिकाण होतं. आणि तिथं दोघांच्या मधे लाट यायची. वँव, वँव, वँव. हेडफोनमध्ये दातात खडा आल्यासारखं. मी तारा परत लावल्या, गिटार बदलली, माइक हलवले. मॅडम म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही तिथं गप्पच राहा ना. पेटी एकटी धरते. तुम्ही नंतर या.’ मेडिकलवाला खाली बघूनच म्हणाला, ‘त्याला गप्प राहा म्हणणं म्हणजे पंख्याला फिरू नको म्हणणं.’ गुरुजी हसले. मला हसायला आलं नाही. सहा वर्षं या अल्बमवर मीच राबतोय आणि माझ्याच स्वराला जागा नाही? गिटारीची तार बोटानं ओढली की स्वर चढतो, खाली आणता येत नाही, पण एक तार आधीच किंचित सैल लावून आणता आला असता. तास-दीड तासाचं काम होतं. मी ते केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गर्दी नसताना, वर जाऊन मी तुमची पेटी उघडली. गांधाराचं रीड काढलं, त्याच्या जिभेखाली आधाराला काच सरकवली, आणि टोकाला कानशीनं तीन घाव. लावलं, वाजवलं, सुई अकरावर. परत दोन. सुई सातवर. परत. सुई मधोमध आली तेव्हा मी खुर्चीत मागं रेललो आणि मोठ्यानं म्हणालो, ‘आता बोला.’ खोलीत कुणी नव्हतं. ते मी तुम्हाला म्हणालो. तामलवाडीच्या लोकांना म्हणालो. पंचवीस वर्षांचा राग मी एका पितळेच्या जिभेवर घासून काढला आणि मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

शनिवारी मॅडम आल्या, भाता उघडला, सा धरला, ग लावला आणि लगेच हात काढला. ‘दादा, हा गांधार बदललाय.’

‘काय बदललाय? उन्हाळा हाय. पितळ तापतं.’

‘पितळ तापलं तर सगळेच स्वर हलतील. हा एकटाच चढलाय. साशी बसत नाही आता. भांडतोय.’

‘तुमचा कान आज जरा…’ मी म्हणालो. ‘सुई बघा.’ आणि सुई त्यांच्यापुढं धरली. मधोमध. तीच सुई, तोच हात. त्यांनी सुईकडं बघितलं आणि मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, ‘बरं.’ त्या दिवशी त्यांनी वाजवलं, पण चार मिनिटांत त्या गांधारावर फार थांबल्या नाहीत; खडा चुकवून चालावं तसं त्याला टाळत गेल्या. माझ्या गिटारीशी लाट गेली होती. आणि बाकी सगळंच गेलं होतं. मी रात्रंदिवस जे कान घासत आलो त्यांनाही ते कळत होतं. पेटी आता शाळेच्या पेटीसारखी वाजत होती.

मग मी ते परत उतरवायला बसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बुडाशी खरवडलं, सुई डावीकडं आली, पण जास्तच आली, एकवीस-बावीस. मग टोकाला. मग परत बुडाला. तुम्ही असताना एखादा पोरगा असं वरखाली करायला लागला की तुम्ही पातं हातातून काढून घ्यायचा : ‘बास. पितळ काय भाकरीचं पीठ न्हाय, परत घालायला.’ मला कुणी पातं काढून घेणारं नव्हतं. तीन दुपारी बसून सुई चौदावर आणली. रीड बुडाशी कागदाइतकं पातळ झालं होतं. मला दिसत होतं. मी मोटारीत घासलेली तार कधी परत बसवत नाही, गिऱ्हाइकाला फेकून दाखवतो. इथं मात्र स्क्रू आवळले आणि पेटी बंद केली.

पुढच्या शनिवारी आम्ही रेकॉर्डिंग चालू केलं. मॅडमच्या चेहऱ्यावर लगेच कळलं, की स्वर जागेवर आलाय. काही विचारलं नाही त्यांनी. अडीच मिनिटं अशी झाली, मास्तर, की गुरुजी काड्या मांडीवर ठेवून तोंड उघडं टाकून बसले होते. मशीन थांबलंय, चारशे फूट, वर सगळे गप्प. मग मॅडमनी भाता थोडा दाबून गांधार मोठा केला आणि टक्क. बारीक आवाज. रीड बुडातून तुटलं. हवा फुस्स करत त्या भोकातून जात राहिली. पहिला मीच बोललो. मी म्हणालो, ‘मॅडम, एवढा जोर नसतो लावायचा. जुनी पेटी आहे.’

असं वाक्य तोंडातून कसं येतं? ते आधीपासून तयार असतं का? गुरुजी मोकळ्या मनाचे, त्यांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, ‘मॅडमनी कॉलेजात तालीम लावलीय वाटतं. पहिलवान झाल्यात!’ मेडिकलवाल्यानं मान हलवली, ‘पेटी गेली म्हणजे अल्बम गेला.’ मॅडमनी पेटी उघडली, तुटलेला तुकडा बोटावर घेतला, उन्हात धरला, परत ठेवला. ‘सॉरी, दादा,’ म्हणाल्या. मला सॉरी म्हणाल्या. मी ते घेतलं. मग पर्स उचलून खाली फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. कळंबची गाडी यायला चाळीस मिनिटं होती आणि सावली नव्हती.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. पेपर तपासायचेत, मग पाहुणे आलेत, मग नुसतं ‘बघते’. ग्रुपवर गुरुजी अजून त्यांना ‘पहिलवान’ म्हणतात, हसण्याच्या चेहऱ्यासकट. गुरुजींच्या मनात काही वाईट नाही. मेडिकलवाला म्हणतो, ‘कंप्युटरमधली पेटी टाक. कुणाला कळतंय?’ टाकून पाहिली. ती दर वेळी सारखाच श्वास घेते. मी त्याला म्हणालो, मला कळतंय. तो म्हणाला, ‘मग आण तिला. तुझं काय, फोन करायला हात तुटलाय का?’ मी त्याच्यावर उगाच ओरडलो, त्याच्या बेसच्या एका चुकीवरून, चार वर्षांपूर्वीच्या गाण्यातल्या. सहा वर्षं मी या लोकांना केसाच्या फरकासाठी छळलंय. गुरुजींना एक तुकडा मी चाळीस वेळा वाजवायला लावलाय, त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला, तिकडं केक वाट बघत असताना. अशा माणसानं आता त्यांच्यापुढं उभं राहून काय म्हणायचं?

दरम्यान सोलापूरहून नवं रीड आणलं. पुढच्या दाराला कडी लावून दोन दिवस बसलो आणि सुई चौदावर आणून ठेवली. आमच्या जुन्या सरावाच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं, फरक नाही. गिटारीची तारही वेगळी लावून ठेवलीय, ते तास-दीड तासाचं काम. म्हणजे सगळं तयार आहे. यंत्राच्या हिशोबानं आता काहीच अडलेलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी शेवटी फोन केला. दुपारची वेळ, त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होत्या, मागं कपांचा आवाज. मी म्हणालो, ‘मॅडम, ते रीड तुमच्यानं तुटलं नाही. मी खरवडलं होतं. दोनदा. आधी चढवायला, मग उतरवायला.’

‘मला माहितीय, दादा.’

‘माहितीय?’

‘तुकडा हातात घेतला होता ना मी. बुडाला कानशीचे ओरखडे होते. नवे, चकचकीत. लहानपणापासून पेट्या उघडलेल्या बघितल्यात मी.’

‘मग तेव्हाच बोलला का नाहीत?’

‘तुम्ही बोलाल म्हणून थांबले. गुरुजी हसले तरी थांबले. फाट्यावर गाडी येईपर्यंत थांबले. वर खिडकीत दिसत होता तुम्ही.’

मी म्हणालो, नवं रीड बसवलंय, गांधार पहिल्यासारखा लागलाय, तुम्ही या. त्या मग वर्गात गणित सांगावं तशा सरळ आवाजात म्हणाल्या, ‘येईन की. ती चार मिनिटं माझी आहेत, मलाही ती पूर्ण करायचीत. पण तुम्ही मला आता फोनवर सांगितलंत. मला तर माहितीच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. त्या दोघांना. तुमच्या तोंडानं, माझ्या माघारी, मी समोर नसताना. मग मी शनिवारी येते.’

‘सांगतो,’ मी म्हणालो. तीन शनिवार गेले.

आता मला तुमचाही राग येतो, मास्तर. तुम्ही एका शब्दानं सांगू शकला असता त्या दिवशी : गांधार मुद्दाम तिथं ठेवलाय, असं असं कारण आहे. तामलवाडीकरांसमोर नाही तर नंतर. दाराशी. मी इतका बघत उभा राहायचो, तुम्हाला दिसत नव्हतं का? पण मीही तेव्हा विचारू शकलो असतो, की मास्तर, सुई डावीकडं का जातेय? ‘उतरलाय’ म्हणण्याऐवजी ‘का’ म्हणायचं होतं. मी विचारत नाही, मी दाखवून देतो. आणि आता माझ्यावर दाखवून द्यायची वेळ आलीय तर जीभ उचलत नाही.

उद्या शनिवार. शाळा सुटली की गुरुजी येतील, मेडिकलवाला येईल, मी वर पंखा लावून, माइक मांडून बसेन. मॅडमना मी काही कळवलेलं नाही. काल गुरुजी दुकानावरून जाताना थांबले, ‘काय राव, पहिलवान येणार का यंदा?’ म्हणाले. मी हातातल्या मोटारीचे वेढे मोजत होतो. चुकलो, परत पहिल्यापासून मोजायला लागलो. ते स्कूटरला किक मारून निघून गेले.

हे सगळं लिहायला मला पाच-सहा दुपारी लागल्या आणि कुठं अडखळलो नाही. हा कागद कुठंही जायचा नाही, परंड्यालासुद्धा नाही. तिथं आता घेणारं कोण आहे. गुरुजींना सांगायचं ते तीनच शब्दांचं आहे, पेटी मी मोडली. आज जेवण झाल्यापासून त्यांचा नंबर चारदा लावला आणि रिंग जायच्या आत तोडला. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, कारण तुम्ही आता हसणार नाही.